निळ्या पुस्तिकेवरची हळद

मित्रांनो, मी एक जुनी पुस्तिका आहे असं सांगितलं तर तुम्ही हसाल, कारण मला अजून तीन वर्षंही झालेली नाहीत. पण माझ्या जातीला आयुष्यच तीन वर्षांचं मिळतं. त्यातली अडीच संपली. तेव्हा मी स्वतःला म्हातारी म्हणवून घेतलं, तर राग मानू नका.

माझा रंग निळा आहे. मुखपृष्ठाच्या वरच्या कोपऱ्यात दोन काळ्या तिरक्या रेघा आहेत. ज्यांना आपल्या देशाचा पासपोर्ट मागायला जाता येत नाही, अशा निर्वासित माणसांना जर्मनी माझ्यासारखी प्रवासपुस्तिका देते. माझ्या कागदात रंगीत धागे आहेत. साध्या उजेडात ते दिसत नाहीत. अतिनील दिव्याखाली धरलं की लाल, हिरवे, निळे चमकतात. फोटोचं पान गुळगुळीत आणि टणक आहे. आत एक चिप आहे. माझी बांधणी चोख आहे, हे मी अभिमानाने सांगू शकते.

माझी मालकीण झार्मिना. ती हेरातची, म्हणजे अफगाणिस्तानातली. सतरा वर्षांची असताना ती या देशात आली. येताना तिच्याजवळ एकही कागद नव्हता, म्हणून माझ्या आतल्या एका पानावर एक वाक्य छापलं आहे: यातली माहिती धारकाने स्वतः सांगितल्याप्रमाणे आहे. तिचं नाव, तिचं गाव, तिचा जन्म, सगळं तिच्या शब्दावर. आणखी एका ठिकाणी लिहिलं आहे की मी सगळ्या देशांसाठी वैध आहे, फक्त अफगाणिस्तान सोडून. झार्मिनाची आई तिथेच राहते.

माझं नाव प्रवासाचं असलं, तरी मी विमानात एकदाच बसले. माझी खरी नोकरी रोजच्या जगण्यातली. झार्मिनाबरोबर मी पार्सल सोडवायला गेले, ग्रंथालयाचं कार्ड काढायला गेले, सिमकार्ड घ्यायला गेले. मला पाहिलं की खिडकीपलीकडचा माणूस आधी मला उलटी करून बघतो, मग सुलटी. मग विचारतो, हा पासपोर्ट आहे का? झार्मिनाने एक वाक्य पाठ करून ठेवलं आहे, ते ती शांतपणे म्हणते. एकदा फोनवरच्या कॅमेऱ्यासमोर ओळख पटवायची होती. तिथल्या यादीत दोनशेच्या आसपास देश होते, आणि मी कुठल्याच देशात बसत नव्हते. त्या दिवशी तिने फोन बंद केला आणि मला रुमालात गुंडाळून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. तिने माझा कोपरा कधी दुमडू दिला नाही.

साडेतीन वर्षं शिकून झार्मिना प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ झाली. पहिली नोकरी तिच्या हातातून गेली, कारण माझी खातरजमा व्हायला तीन आठवडे लागले आणि तेवढ्यात त्यांनी दुसऱ्याला घेतलं. वर्षभर तिने बेकरीच्या काउंटरवर उभं राहून काढलं. मग या ऑक्टोबरमध्ये गार्चिंग या गावातल्या एका छोट्या प्रयोगशाळेने तिला बोलावलं. सोमवारी सकाळी साडेआठला सुरक्षेचं प्रशिक्षण होतं. ते झाल्याशिवाय आत काम करता येत नव्हतं, आणि पुढचं प्रशिक्षण थेट जानेवारीत होतं. तोपर्यंत ते थांबणार नाहीत, असं पत्रात सभ्य भाषेत लिहिलं होतं. बेकरीची नोकरी तिने सोडली होती.

त्या पत्रासोबत माझ्या पानांच्या प्रती मागितल्या होत्या. झार्मिनाच्या इमारतीत, खालच्या मजल्यावर, मैथिली राहते. ती पुण्याची, रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला आली आणि इथेच राहिली. तिच्याकडे चांगला स्कॅनर आहे. झार्मिनाने मला बुधवारी संध्याकाळी तिच्याकडे दिलं.

दुसऱ्या दिवशी दसरा होता.

मैथिलीच्या सासूबाई, मनोरमाआजी, तीन महिन्यांसाठी साताऱ्याहून आल्या होत्या. दसऱ्याला आपल्याकडे हत्यारं, अवजारं, वह्या-पुस्तकं पूजेला मांडतात, हे तुम्हांला सांगायला नको. आजींनी टेबलावर धुतलेलं पंचपात्र ठेवलं, सुरी ठेवली, मुलाचा लॅपटॉप, नातीची दप्तरातली पुस्तकं, मैथिलीची काचेची जुनी पिपेट आणि घरातले सगळे पासपोर्ट. आपट्याची पानं मिळाली नव्हती, म्हणून खालच्या अंगणातल्या झाडाची चार पानं आणली. मग त्यांना स्कॅनरवर मी दिसले. त्यांनी नातीला, आठ वर्षांच्या वैभवीला, हे कुणाचं म्हणून विचारलं. वैभवी चित्र रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "झार्मिनाचं. निष्ट आनफासन, ओमा."

हात लावू नकोस, असं तिने सांगितलं होतं. आजींना 'ओमा', म्हणजे आजी, तेवढं कळलं.

त्यांनी मला उघडलं, चष्मा सावरून जन्मतारीख वाचली, आणि आत काम करत असलेल्या मैथिलीला हाक मारून सांगितलं, "अगं, हिचीही एक तारीख. एक जानेवारी. म्हणजे हिलाही गुरुजींनीच दिली म्हणायची." आजींच्या स्वतःच्या पासपोर्टवर एक जून आहे. शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिली, आणि तीच कायमची झाली. त्यांच्या वर्गातली निम्मी मुलं एक जूनलाच जन्मली होती.

मला वाटतं, त्या क्षणी मी त्यांना परकी वाटेनाशी झाले. इतरांचे पासपोर्ट त्यांनी बंदच ठेवले होते. माझं मात्र पहिलं पान उघडून, जशी नव्या चोपडीची पूजा करतात तशी, त्यांनी फोटोच्या कडेला चिमूटभर हळद टेकवली. कुंकवाची डबी उघडली, तेवढ्यात मैथिली बाहेर आली.

"अहो आई, हे नको!" एवढंच ती म्हणाली. तिने मला उचललं, खिडकीपाशी नेलं आणि कोरड्या कागदाने पुसलं. तिरकं धरून पाहिलं, सरळ धरून पाहिलं. पिवळं काहीच दिसत नव्हतं. आजी अपराधी होऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, तिच्या पोटापाण्याचं साधन हेच ना, म्हणून ठेवलं.

संध्याकाळी झार्मिना मला न्यायला आली. आजींनी तिला श्रीखंड खायला लावलं. दोघी हिंदीत बोलतात; झार्मिनाची हिंदी मालिका बघून आलेली, आजींची साताऱ्याहून आलेली. हसणं चाललं होतं. मैथिलीने एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. निघालंय की सगळं, मग कशाला तिच्या जिवाला घोर, असं तिने मनाशी म्हटलं असेल. सांगायचं राहून गेलं.

सोमवारी आठला दहा मिनिटं असताना आम्ही प्रयोगशाळेच्या फाटकावर पोहोचलो. खिडकीत हेर लेश्नर, म्हणजे आपल्या भाषेत श्रीयुत लेश्नर, बसले होते. साठीचे, पांढऱ्या मिशांचे, हळू बोलणारे. त्यांनी मला यंत्रात ठेवलं. पहिला दिवा लागला, ठीक. दुसरा लागला, ठीक. तिसरा अतिनील दिवा लागला आणि माझ्या फोटोच्या कडेशी हिरवट पिवळा ढग उजळला. तिथे काहीही चमकायला नको होतं. पडद्यावर लाल खूण आली.

हेर लेश्नर ओरडले नाहीत. त्यांनी नियम सांगितला. फोटोजवळ फेरफार दिसला, तर कागद ठेवून घ्यायचा आणि पोलिसांना कळवायचं. त्यांनी टेलिफोनवर हात ठेवला.

मित्रांनो, मला तेव्हा बोलता आलं असतं तर! मी खोटी नाही, एवढंच म्हटलं असतं. पण ज्याच्याविषयी शंका आहे त्याचीच साक्ष कोण घेणार?

झार्मिना काउंटरवर पुढे झुकली. तिने विचारलं, मला पडदा बघता येईल का? त्यांनी पडदा थोडा वळवला. ती बराच वेळ त्या ढगाकडे बघत राहिली. असा रंग तिने शिकताना दिव्याखाली शेकडो वेळा पाहिला होता. मग तिने मैथिलीला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा, आणि घडलेलं सांगून पुस्तिकेला काय लागलं होतं ते विचारलं.

मग मैथिली म्हणाली, "हळद. चूक माझी आहे. मी पुसलं आणि तुला बोललेच नाही." तेवढ्यात आजींनी फोन घेतला.

"बेटी, मैंने लगाया। पूजा का था। उस साहब को बोल, बुढ्ढी को पकड़ो।"

मैथिलीने फोन परत घेतला आणि घाईघाईने हिंदीत सुचवलं की पूजेचं काही सांगू नकोस, त्यांना पटणार नाही. स्वयंपाक करताना सांडली म्हण. सोपं होतं ते. कुणालाही पटलं असतं. मी झार्मिनाच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तिने फोन ठेवला.

हेर लेश्नरनी विचारलं, त्या बाई काय म्हणाल्या?

"ही हळद आहे," झार्मिना म्हणाली. "खालच्या मजल्यावरच्या आजींनी सणाच्या दिवशी माझ्या पुस्तिकेची पूजा केली. सांडली असं मी सांगू शकले असते. पण माझ्याविषयी इथे जे काही लिहिलं आहे ते माझ्या शब्दावर लिहिलं आहे. एक शब्द खोटा निघाला, तर बाकीच्याचं काय?"

भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून सात मिनिटं झाली होती.

मग तिने काउंटरवरच्या, हात निर्जंतुक करायच्या बाटलीकडे बोट दाखवलं. हळद पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते, ती म्हणाली. छपाई पानाच्या पोटात आहे, हळद वर आहे. फेरफार असेल तर पुसून जाणार नाही. "मी हात लावत नाही. तुम्ही पुसा. आणि मग ज्याने पुसलं तो कागदही दिव्याखाली धरा."

त्यांनी आधी वरिष्ठांना फोन केला. बोलणं लांबलं. हळद हा शब्द त्यांनी तीनदा उच्चारला. फोन ठेवून त्यांनी पांढऱ्या कागदावर दोन थेंब घेतले आणि मला पुसलं. सावकाश, डोळ्यातलं कुसळ काढावं तसं. गार वाटलं. मला पुन्हा दिव्याखाली ठेवलं. ढग नव्हता, माझे धागे तेवढे चमकत होते, जिथे असायला हवेत तिथे. मग त्यांनी तो कागद दिव्याखाली धरला. कागद पिवळा हिरवा उजळला. ते त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त वेळ बघत होते.

पडद्यावरची खूण हिरवी झाली. नोंदवहीत त्यांनी काय लिहिलं ते मी वाचलं: दूषितता, मसाला, काढली. मग त्यांनी विचारलं, पूजा ओळखपत्राची का करायची?

झार्मिनाने सांगितलं, त्या घरात ज्याच्यावर पोट चालतं त्याची वर्षातून एकदा पूजा करतात.

"आल्झो, असं आहे तर," हेर लेश्नर म्हणाले. "आमच्याकडे जानेवारीतल्या सणाला घराला आशीर्वाद म्हणून दारावर खडूने लिहितात. खडू बरा. तो चमकत नाही."

झार्मिना हसली नाही. तिला वेळ नव्हता. आठ वाजून चोवीस मिनिटं झाली होती. ती धावली. मी पिशवीत आपटत होते, पहिल्यांदाच रुमालाशिवाय. दार बंद व्हायच्या आत आम्ही आत होतो.

संध्याकाळी मैथिली स्वतः वर आली. दारातच म्हणाली, "मला दिसलं होतं आणि मी सांगितलं नाही. हळद लावण्यापेक्षा ते वाईट." झार्मिनाने तिला आत घेतलं आणि चहा केला. राग होता, तो तिने लपवला नाही. कप रिकामे झाल्यावर म्हणाली, पुढच्या वर्षी मला पूजेला बोलवा. पुस्तिका मी आणीन. बंद असेल, आणि बंदच राहील.

झार्मिनाचं प्रयोगशाळेत शिरायचं कायमचं कार्ड छापून यायला दोन आठवडे लागले. तोवर रोज सकाळी मला खिडकीत जावं लागे. पहिल्या आठवड्यात हेर लेश्नर मला उघडत, बघत, मिटत. दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी झार्मिनाने मला पुढे केलं, तर त्यांनी दिवसाचा पास आधीच तयार ठेवला होता. मला न उघडताच त्यांनी तो तिच्या हातात दिला आणि तिचं पूर्ण नाव घेऊन सुप्रभात म्हटलं. उच्चार थोडा चुकला. मला कुणी उघडलं नाही याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.

आता माझे सहा महिने उरले आहेत. मग कार्यालयात माझ्या कोपऱ्याला भोक पाडतील आणि माझ्या जागी नवी येईल. तिला पुन्हा उलटीसुलटी करून बघतील.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. दुसऱ्याची वस्तू तुमच्या हातून डागाळली, तर पुसा. पण पुसल्यावर सांगा. न दिसणारा डाग त्याला नेमका परक्या खिडकीपाशी दिसतो. आणि कधी तुम्ही खिडकीपलीकडे बसलात आणि माझ्यासारखी दोन रेघांची निळी पुस्तिका तुमच्यापुढे आली, तर जरूर तपासा, तेच तुमचं काम आहे. फक्त तिला उघडण्याआधी एकदा मान वर करा. फोटोतला चेहरा समोरच उभा असतो, आणि बहुधा त्याला कुठेतरी पोहोचायचं असतं.