तीन नंबरची चाल

मागच्या बोळात पसरलेल्या ओल्या मातीवर अठ्ठेचाळीस ठसे होते. चार रांगा, प्रत्येकीत बारा. एक ठसा टाचेशी फुटलेला, बाकी शाबूत. आई, बाबा, आत्या आणि भाऊ एकेक करून अनवाणी चालून गेले, तेव्हा घरातली मुलगी दार लावून आत बसली होती. कोण कुठल्या रांगेत, हे फक्त तिच्या वर्गातल्या मैत्रिणीला ठाऊक होतं.

ती शिकत होती त्या मानवी उत्क्रांतीच्या पदवीत सकाळी हाडं, दुपारी दगडमाती आणि संध्याकाळी आकडेमोड असे.

“माकडाचा माणूस कसा झाला, एवढं शिकायला तीन-तीन विभाग?” बाबा म्हणत.

“तुझा अजून व्हायचाय ना, म्हणून,” आत्या म्हणे.

आदिमानवांच्या पाऊलखुणा जिथे निघाल्या होत्या, त्या उत्खननावर उन्हाळ्यात जायचं, तर विभागाच्या बाईंची एकच अट होती: आधी घरच्यांच्या ठशांतून लंगडणाऱ्याची रांग ओळखून दाखव. चुकलीस तर घरी बस.

तिला हा डाव्या हातचा मळ वाटला. बाबांचा गुडघा म्हणजे घरातलं सहावं माणूस. जिना चढायचा म्हटलं, पिशवी उचलायची म्हटलं, की तो कुरकुरायचा. आत्या टपाल वाटायची, दिवसभर गल्ल्या तुडवायची, आणि त्या गुडघ्याची सगळ्यात जास्त टर तीच उडवायची. बाबा आणि आत्या या बहीण-भावाची पावलं मात्र एकाच साच्यातली. चपलांची अदलाबदल झाली तरी दोघांना पत्ता नसे.

तिनं टाचेपासून टाचेपर्यंत टेप धरला. तीन नंबरच्या रांगेत डाव्याकडून उजव्यापर्यंत सरासरी अठ्ठावन्न सेंटिमीटर, उजव्याकडून डाव्यापर्यंत पन्नास. उजवा पाय भार सोसत नाही, म्हणून डावा घाईनं टेकतो.

“तीन नंबर लंगडतोय. बाबा,” ती म्हणाली.

मैत्रिणीनं चिठ्ठी उघडली. “तीन नंबर आत्या आहेत. बाबा एक नंबर.”

एक नंबरच्या रांगेत दोन्ही अंतरं सारखी होती.

“बाबा, गुडघा एकदम बरा झाला वाटतं!” भाऊ फिसकन हसला. बाबांनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला.

“माती वाकडी पसरलीये,” आत्या म्हणाली. “आणि हे आमच्या कचेरीत पोचलं ना, तर मला टेबलाला बांधतील. पिशवी खांद्यावर घेतल्यापासून मी खुर्चीत बसलेली नाही.”

“माती वाकडी असेल तर मी चुकले. मग उत्खननही गेलं,” ती म्हणाली. “पुन्हा चालून बघायला हवं, आत्या.”

बाबा उठले, बादली घेऊन आले आणि फळीनं माती सपाट करू लागले. काम संपेपर्यंत त्यांचा गुडघा एकदाही कुरकुरला नाही.

आत्यानं चपला काढल्या. “नीट चालू, की खरं चालू?”

“रोज चालतेस तशी.”

“रोज मी नीटच चालते, कार्टे.”

“मग कुणी बघत नसताना चालतेस तशी.”

सगळे आत गेले. मैत्रिणीनं दार ओढून घेतलं. बऱ्याच वेळानं आत्यानं बाहेरून कडी वाजवली.

ठसे बारा, सगळे शाबूत. डाव्याकडून उजव्यापर्यंत अठ्ठावन्न सेंटिमीटर. उजव्याकडून डाव्यापर्यंत त्रेचाळीस.