न हलणारं खुराडं

"हलतंय. पुन्हा कर."

सासऱ्यांचा हा आवाज तिने लग्न होऊन आली त्याच आठवड्यात ऐकला होता. नवऱ्याने दिवसभर खपून केलेलं स्टूल अंगणात ठेवलेलं, आणि सासरे त्याची कड दाबून बघत होते. नुसत्या एका बोटाने. नवऱ्याने मान खाली घालून स्टूल उचललं आणि पुन्हा केलं. त्या गोष्टीला तीस वर्षं झाली. सासरे गेले, नवरा कामाला होता तो दारं-चौकटींचा कारखानाही बंद पडला, पण ते बोट काही घरातून गेलं नाही.

कारखाना बंद पडला तसा नवरा खिडकीपाशी खुर्चीत बसला, तो अकरा महिने बसला. ती धुलाईघरात जायची, इस्पितळाच्या ओल्या चादरी उपसून, वाळवून, घड्या घालून परत यायची, आणि तो तिथेच. चहा दिला तर घ्यायचा, नाही दिला तर मागायचा नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी मागच्या अंगणातून करवतीचा आवाज आला. ती भांडी घासत होती. तिने नळ बंद केला आणि ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. करवत जात होती, येत होती, जात होती, येत होती. घराचा श्वास जणू पुन्हा सुरू झाला होता.

"कोंबड्यांना सरकतं खुराडं करतोय," तो म्हणाला. "खाली तळ नाही, बाजूंनी जाळी, दोन्ही टोकांना दांडे. रोज सकाळी दोघांनी उचलायचं आणि त्याच्याच लांबीएवढं पुढे ठेवायचं. कोंबड्यांना रोज ताजं गवत. मागची जागा खत खाऊन पुन्हा हिरवी."

एका दमात एवढं तो वर्षभरात बोलला नव्हता.

खुराडं झालं आणि देखणं झालं. जुन्या चौकटींचं जाड लाकूड, एकही खिळा न मारता खाचेत खाच बसवलेले सांधे. शेजारच्या मावशी कुंपणावरून वाकून म्हणाल्या, "अहो सुतार, यात कोंबड्या ठेवणार की सोनं?"

"मावशी, वादळ आलं तर तुमचं घर उडेल. हे जागचं हलायचं नाही!"

"मग सरकायचं कसं त्याने?"

तो खो खो हसला. ती पण हसली. आणि दुसऱ्या दिवशी आपल्या टोकाचा दांडा धरला, तेव्हाच तिला कळलं की हे काही आपल्याच्याने होणार नाही.

पण बोलणार कोणत्या तोंडाने? खिडकीपाशीची खुर्ची आत्ता कुठे रिकामी झाली होती. एकदा तिने नुसतं चाचपून पाहिलं. "चाकं लावली तर?"

"चाकं लावली की सांधे खिळखिळे होतात," तो म्हणाला, आणि आवाज थेट सासऱ्यांचा.

मग रोज सकाळी तेच. "उचल!" तो पुढच्या टोकाने म्हणायचा, ती मागच्या टोकाने दात-ओठ खाऊन उचलायची. दिवसभर चादरी, सकाळी हे लाकूड. कमरेत कळ यायची, ती पदराआड गिळायची. हळूहळू तिचं टोक चार बोटं उचललं जाऊ लागलं, मग दोन. तीन कोंबड्या तुरुतुरु पुढे व्हायच्या. चौथी, करडी, तेवढी मागे तिच्या टोकाला रेंगाळायची, आणि आज खालची पट्टी करडीच्या पायावर आली. महिन्यातली ही दुसरी खेप.

तिने करडीला मांडीवर घेतलं, पायाला काडी लावून चिंधी गुंडाळली. कोंबडीचं काळीज तिच्या तळव्यात धडधडत होतं.

"आळशी आहे ही," नवरा म्हणाला. "बाकीच्या बघ कशा पळतात. हिला देऊन टाकतो मावशींना."

"त्या पातेल्यात घालतील."

"घालू देत. खुराड्यात खोट असती तर गोष्ट वेगळी." तो उकिडवा बसला आणि खुराड्याची कड एका बोटाने दाबली. पुन्हा दाबली. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "बघ. हलतंय का?"

तिने त्या बोटाकडे पाहिलं. मग मांडीवरच्या करडीकडे पाहिलं. करडीने डोळे मिटून घेतले होते, दमून, कुणावरही आळ न घेता.

"अहो," ती म्हणाली, "करडीला देऊ नका. तिचं काही चुकलं नाही. माझं टोक वर आलंच नाही आज. परवाही नाही. मला हे उचलवत नाही हो. पहिल्या दिवसापासून उचलवत नाही."