दोन नटांवरचे छत

मी एक जुने कापडी छत आहे. आत पलंग आणि शेगडी असलेल्या एका घरगाडीच्या कडेला मला बसवले आहे. हिरवे पट्टे, दुहेरी शिवण आणि मला बाहेर धरून ठेवणारे दोन लोखंडी हात. दांडा फिरवला की मी उघडते आणि खाली सावली पडते. मित्रांनो, माझे काम एवढेच.

मला विकत घेतले ते एका वीजमीटर दुरुस्त करणाऱ्याने आणि त्याच्या बायकोने. दोघेही वस्तूंना जपणारे. ओले असताना मला कधी गुंडाळायचे नाही, हा त्यांचा नियम. तो स्टुलावर चढून मला पुसायचा आणि ती स्टूल धरायची. "लग्नात माझ्याकडेसुद्धा एवढं निरखून पाहिलं नव्हतं," असे म्हणून ती हसायची. बारा वर्षांनीही लोक विचारायचे, "नवीनच घेतलंय का?" मला फार अभिमान वाटे.

मग ती दुपार आली. आम्ही तळ्याकाठी होतो. भुरभुर पाऊस आणि वारा होता. ती गाडीच्या पायरीवर बसली आणि छाती चोळू लागली. तो किल्ली घ्यायला धावला.

"अहो, आधी छत मिटा. वाऱ्यात फाटेल," ती म्हणाली.

त्याने दांडा फिरवला. माझा डावा हात अडकला. त्याने ढकलून पाहिले, बुक्क्या मारल्या.

"आवरतंय का?" तिने एकदा विचारले. नंतर विचारले नाही.

शेवटी त्याने सगळा जोर लावला. मी टरकन फाटले, हात वाकला. त्याने मला तसेच ओले गुंडाळून दोरीने बांधले आणि गाडी दवाखान्याकडे पळवली. दवाखान्याच्या पायऱ्या तो एकटाच उतरला. हातात तिच्या चपला होत्या.

मी वर्षभर गुंडाळलेलेच राहिले. मला बुरशी लागली.

मुलगी म्हणाली, "बाबा, विकून टाका ना गाडी. बघवत नाही."

"फाटकी कोण घेईल?" तो म्हणाला. पण त्याला वेगळेच काही हवे होते. तो हात कशाने अडकला, हे त्याला जाणून घ्यायचे होते. दुसरा इलाज नव्हता, असे कोणीतरी सांगावे म्हणून तो मला ताडपत्री शिवणाऱ्याकडे घेऊन गेला.

कारागिराने नाक मुरडले. "काका, ओलं गुंडाळलंत? लोणचं घातलंय की काय कापडाचं!"

"घाई होती. बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं. हात अडकला होता."

"खीळ वाकलीय. मिटलंच नसतं ते," कारागीर मान खाली घालून काम करत म्हणाला. "पण मग सोडून जायचं की! हे दोन नट काढले की अख्खं छत खाली पडतं. मिनिटभराचं काम. पाना नव्हता का?"



"होता," तो म्हणाला. "खिशातच होता."

कारागिराने वर पाहिले आणि मशीन थांबवले. मग त्याने एक खुर्ची पुढे सरकवली.

मला नवे कापड जोडले, हात सरळ केला. पुढच्या महिन्यात एक जोडपे गाडी घ्यायला आले. किल्ली देण्याआधी त्याने त्या नवऱ्याच्या हातात पाना दिला. "हे दोन नट. काढून दाखवा."

"आत्ता? काका, आत्ताच तर दुरुस्त केलंय ना?"

"काढा म्हणतो ना!"

मी धाडकन जमिनीवर पडले. नवा पट्टा चिखलाने भरला. त्याने घड्याळ पाहिले. "पन्नास सेकंद," तो म्हणाला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जरूर जपा. पुसा, वाळवा, वेळेवर टाके घाला. पण घरातले कोणी छाती धरून बसले असेल, तर आमच्याकडे वळूनही पाहू नका. आम्हाला तिथेच टाकून जा.