कारणसाहेबांच्या चार फाइली

कारणसाहेबांनी चौथ्या फाइलवर दोनदा क्लिक केलं. पडदा काळा झाला, मधोमध एक गोल फिरला आणि पुन्हा तीच चौकट वर आली: ही फाइल चालवता येत नाही.

"हिचंही तेच," ते म्हणाले.

मागे त्यांची बायको खुर्ची ओढून बसली होती. जेवणाची भांडी आवरून, कपडे बदलून, केस विंचरून आली होती, कुणाकडे जायला निघाल्यासारखी. चष्मा तर तिचा तीनदा पुसून झाला होता.

"मग आता काय हो?"

"आता काय? बघतो ना. कॉम्प्युटर म्हातारा झालाय."

"घरात सगळेच झालेत," ती म्हणाली. ते हसले नाहीत.

फाइली लेकीच्या लग्नाच्या होत्या. लग्न मागच्याच महिन्यात झालं. दोघंही गेली नव्हती. खरं म्हणजे ते गेले नव्हते आणि त्यांनी बायकोला जाऊ दिलं नव्हतं. आता निदान डोळ्यांनी बघू तरी, असं म्हणून तिने मोबाइलवर आलेल्या लिंका त्यांच्या मेलवर पाठवल्या होत्या. मोठ्या पडद्यावर दोघं मिळून बघू, असं तिचं म्हणणं. ते 'बघू' एवढंच म्हणाले होते, पण सकाळपासून कॉम्प्युटरपुढून हलले नव्हते.

कारणसाहेब हे नाव कारखान्याने ठेवलेलं. त्यांनी तिथलं भांडार सांभाळलं आणि कारण विचारल्याशिवाय कुणाला साधा स्क्रूसुद्धा दिला नाही. माणूस खिडकीशी आला की मान वर न करता ते विचारायचे, "कारण?" पोरं मागे नकला करायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि आतून आवडायचंही. वाईट एवढंच, की ती खिडकी ते संध्याकाळी घरी घेऊन यायचे. लेकीला मैत्रिणीकडे जायचं असो की सहलीला, आधी अर्ज लिहावा लागे. अर्जावर लाल पेनाने शेरा पडे: कारण असमाधानकारक. नामंजूर. पाहुण्यांना तो अर्ज काढून दाखवायचे आणि पाहुणे पोट धरून हसायचे. लेक आतल्या खोलीत असायची.

लग्नाचा मात्र तिने अर्ज केला नाही. फोन केला.

"कारण?" त्यांनी सवयीने विचारलं.

"मला तो आवडतो, बाबा."

"हे कारण झालं का?"

फोन तिकडून ठेवला गेला, तो पुन्हा काही वाजला नाही. म्हणजे त्यांचा वाजला नाही.

त्यांनी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो कुठेतरी जेवत होता.

"दुसरा प्लेअर टाकून बघा, साहेब."

"टाकला. तरी नाही."

"मग अर्धवट उतरली असेल फाइल. उडवा आणि परत उतरवून घ्या."

"मी अर्धवट काही उतरवत नाही," ते म्हणाले आणि फोन ठेवून सगळ्या फाइली परत उतरवायला बसले.

त्यांची उतरवण्याची रीत वेगळी होती. लिंक उघडली असती, तर लेकीचं पान समोर आलं असतं, वर लेक-जावयाचा फोटो. जावयाचं तोंड त्यांना इतक्यात बघायचं नव्हतं. म्हणून लिंक न उघडताच, उंदराचं उजवं बटण दाबून ती परस्पर साठवायची, नाव आपलं द्यायचं आणि नावामागे व्हिडिओचं '.mp4' हे शेपूटही आपल्याच हाताने जोडायचं. भांडारातली जुनी शिस्त होती: माल आधी आत घ्यायचा, खोकं मग फोडायचं.

पुन्हा उतरवलेल्या फाइलींकडे बघताना त्यांच्या कपाळाला आठी पडली. चारही फाइलींचं वजन सारखं होतं आणि ते अगदीच किरकोळ होतं. भांडारात असं खोकं आलं, की ते उचलताक्षणीच ओळखत. आत माल नाही, नुसता पुठ्ठा आहे. त्यांनी पहिल्या फाइलचं शेपूट काढलं, वेबपानाचं लावलं आणि उघडली.

पांढरं पान आलं. त्यावर लिहिलं होतं: ही फाइल पाहण्याची तुम्हाला परवानगी नाही. परवानगी हवी असल्यास मालकाला विनंती पाठवा. खाली एक रिकामी चौकट, आणि चौकटीत फिकट अक्षरांत: कारण लिहा.

त्यांनी दुसरी उघडली. तिसरी उघडली. चौथी उघडायची गरज नव्हती, तरी उघडली. अपमानाने त्यांचे कान तापले. सकाळपासून ते ज्याला बिघाड समजून झटत होते, तो बिघाड नव्हताच. प्रत्येक वेळी त्यांना सरळ नाही म्हटलं जात होतं.

त्यांनी घाईने पान खाली ढकललं.

"फाइलीच खराब आहेत," ते मागे न बघता म्हणाले. "पाठवतानाच बिघडल्या असणार. पोरीला कुठलं काम कधी धड जमलंय?"



"खराब नाहीत," बायको म्हणाली. "मला वाचता येतं."

ते कीबोर्ड सरळ करू लागले.

"ती म्हणाली होती, आई, हे फक्त तुझ्यासाठी. मला वाटलं, पुढे पाठवलं तर कुणाला कळतंय. म्हटलं, तुमच्याबरोबर बघावं." तिने खुर्ची उचलून होती तिथे नेऊन ठेवली. "महिनाभर मी एकटीने बघितलं नाही. माझ्या मोबाइलवर लागतं सगळं."

ती आत गेली. दार लोटल्याचा आवाज आला. मग बारीक आवाजात वाद्यं, टाळ्या, कुणीतरी ओरडून काही बोललं आणि त्यावर लेक हसली. ते हसू त्यांनी लगेच ओळखलं. इतकं मोठ्याने ती या घरात कधी हसली नव्हती, हेही त्यांच्या लगेच लक्षात आलं.

त्यांनी पान पुन्हा वर काढलं. चौकटीत टाइप केलं: वडील या नात्याने. पुसलं. तुझ्या आईच्या आग्रहावरून. हे खोटं होतं, तेही पुसलं. अर्जांवर शेरे मारण्यात त्यांची हयात गेली होती, स्वतः अर्ज कसा करतात ते हाताला माहीत नव्हतं. आत लेक पुन्हा हसली, आणि या खेपेला तिच्याबरोबर तिची आईही.

ते उठले. दाराशी गेले. लोटलेलंच दार होतं, बोटाने ढकललं असतं तरी उघडलं असतं. त्यांनी टकटक केली.

आतली वाद्यं थांबली.

"मी पण बघू का गं?"

मग बायकोचा आवाज आला. त्यात राग नव्हता. खिडकीपलीकडून, मान वर न करता विचारावं तसा तो आवाज होता.

"कारण?"