बाहेर ठेवलेले बूट

प्रेमानंदचे वाक्य ओसरीवर पडून राहिले होते आणि ते उचलायला कुणीच पुढे होत नव्हते. "उद्या सकाळी निघायचं, आबा. आता पुण्यातच राहायचं," एवढेच तो म्हणाला होता. त्यानंतर भिमाबाईच्या सुपातली तूरसुद्धा आवाज न करता निवडली जाऊ लागली. आबांचा उजवा हात मांडीवर स्वतःच्याच लयीत हलत होता. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये न दिसणारी एखादी गोळी वळत असावी तसा. डाव्या तळव्याला पांढरी पट्टी होती. परवा चौकातल्या हॉटेलसमोर ते पडले होते, आणि ते पुरते उठून उभे राहण्याआधीच कुणीतरी ती बातमी फोनवरून पुण्याला पोचवली होती.

संघप्रिया चौकटीला टेकून उभी होती. लोहाऱ्याच्या शाळेत शिकवून ती नुकतीच परतली होती. खांद्यावरची पिशवीही तिने अजून उतरवली नव्हती. दारात धाकट्या भावाची गाडी पाहूनच तिला सगळे उमगले होते. ही शांतता थकव्याची नव्हती. प्रत्येकापाशी एकेक उत्तर होते आणि प्रत्येकाने ते दुसऱ्याने आधी बोलावे म्हणून दाबून धरले होते.

"आरं, कुनी मेलंय का हितं?" शेवटी भिमाबाईनेच सूप खाली ठेवले. ती आबांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून शेजारच्याच घरात राही, पण दिवस इथेच काढी. "पुन्याला जाऊन काय करनार ह्यो? गॅलरीत बसून कबुतरं हाकील?"

"आत्या, इथं पडून डोकं फुटलं तर कोण बघणार? ताई दिवसभर शाळेत."

"म्या हाय की."

"तुम्हालाच उठताना हात द्यायला माणूस लागतं."

"लागतं तर लागतं. जीब अजून कुनाचा हात धरत न्हाय माझी."

एरवी आबा हसले असते. आज त्यांनी फक्त रस्त्याकडे पाहिले.

आबा, म्हणजे मच्छिंद्र, माकणीच्या धरणाच्या कालव्यावर पाटकरी होते. उभे आयुष्य त्यांनी कालव्याच्या काठाने चालत काढले: दारे उघडायची, पाणी शेतात वळवायचे, दारे लावायची, पुढे जायचे. जग त्यांना पायांनी ठाऊक होते. मग कंपवात आला. आधी अक्षर लहान झाले, मग आवाज लहान झाला, मग पावले. आजार त्यांना पुसून टाकत नव्हता. अधिकाधिक बारीक लिपीत लिहीत होता. अलीकडे मधूनच पाय जमिनीला खिळत. मन पुढे गेलेले असे, छाती पुढे झुकलेली असे, आणि पाय मात्र मागेच, कुणी हाक मारल्यासारखे थबकलेले.

तरीही रोज सकाळ-संध्याकाळ ते बाहेर पडत. घरापासून चौक, चौकापासून विहार, विहारापासून घर. एवढाच कालवा आता उरला होता. पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर तोही उरणार नव्हता, हे ओसरीवरच्या चौघांनाही माहीत होते.

आबा पाणी प्यायला उठले. भिंतीला हात न लावता उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात गेले, माठातले पाणी प्याले आणि तांब्या पालथा घालून परत आले. कुणी त्यांच्याकडे विशेष पाहिले नाही. माणूस पडतो तेव्हाच आपण त्याचे चालणे पाहतो.

"चला आबा," प्रेमानंद म्हणाला. त्याचा आवाज आता मऊ झाला होता. "कोपऱ्यापर्यंत फिरून येऊ. मला एकदा बघू तर द्या."

पायरीशी बूट होते. चौदा एप्रिलच्या जयंतीला प्रेमानंदनेच आणलेले. करडे, फुगीर, जाड रबरी तळव्याचे, खालून खोल खाचा पडलेले. ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा भिमाबाई म्हणाली होती, "ह्ये बूट हायत का ट्रॅक्टर?" पण म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरू नये म्हणून दुकानदाराने हेच सुचवले होते, आणि त्यात चुकीचे काय आहे असे तेव्हा कुणालाही वाटले नव्हते.

प्रेमानंदने गुडघ्यावर बसून वडिलांच्या पायांत बूट चढवले, नाड्या बांधल्या. आबा पायरी उतरले. भूकंपानंतर वसवलेल्या सास्तूरचे रस्ते सरळ आणि रुंद. दारासमोर खड्डाही नव्हता. दोन-चार पावले गेली. मग उजव्या बुटाचे टोक सिमेंटला अडले, खरवडल्याचा आवाज आला, पाय जागीच राहिला आणि अंग पुढे निघाले. प्रेमानंदने दोन्ही हातांनी त्यांना सावरले.

"बघितलंस ताई? सपाट रस्त्यावर! आणि तू म्हणतेस, इथं राहू दे."

संघप्रियाने आबांना ओट्यावर बसवून त्यांचे बूट काढले आणि उजवा बूट उलटा करून हातात धरला. टाचेच्या खाचा कोऱ्या होत्या, जणू दुकानातून आताच आणल्यासारख्या. पुढचे टोक मात्र झिजून सपाट झाले होते, कडेचे रबर भुशासारखे सुटत होते. तिने डावा पाहिला. तोही तसाच.

"आबा," ती हळूच म्हणाली, "घरात कधी पडलाव तुमी?"

आबांनी मान हलवली. नाही.

"विहारात?"

पुन्हा नाही.

"सोलापूरला, डॉक्टरांच्या खोलीत?"

"तितं बूट भायेर काढत्यात की," आबा पुटपुटले.

तेव्हा तिला ते दार स्पष्ट दिसले. काचेचे दार, त्यावर पादत्राणे बाहेर ठेवण्याची सूचना, आणि भिंतीलगत चपलांची रांग. दर खेपेला ती स्वतःच वाकून आबांच्या बुटांच्या नाड्या सोडत असे. मग आबा अनवाणी आत जात, गुळगुळीत फरशीवरून भिंतीपर्यंत जाऊन परत येत, आणि डॉक्टर म्हणत, "आजोबा, छान चालताय की!" खाली फाटकापाशी पाय खिळला की दोष कधी गर्दीला दिला जाई, कधी उन्हाला, कधी गोळीची वेळ टळल्याला. बूट नेहमीच दाराबाहेर राहिले होते. तपासणीच्याही आणि संशयाच्याही.

"मंग काय, बुटात भूत हाय म्हनायचं?" भिमाबाई म्हणाली.

"भूत न्हाय आत्या. ह्यांचा पाय पुरता उचलला जात न्हाय, जमिनीवरनं सरकतो. आणि हा तळवा त्याला सरकू देत न्हाय."

प्रेमानंदने तिच्या हातातून बूट घेतला. बराच वेळ तो झिजलेल्या टोकावर अंगठा फिरवत राहिला. "म्हणजे आबा माझ्या बुटांमुळं पडले?"

"असं कोण म्हणतंय?"

"तू म्हणतीयेस."

भिमाबाई भावाकडे वळली. तिचे डोळे बारीक झाले. "मच्छ्या, खरं सांग. तुला ठावं हुतं न्हवं?"

आबांचा हात थोडा अधिक वेगाने हलू लागला. ते म्हणाले, "हुतं."

"मंग तोंड शिवलं हुतं व्हय तुजं?"

"लेकानं सोताच्या हातानं घातले, आक्का." आवाज इतका लहान होता की सगळे नकळत पुढे झुकले. "त्ये काडून कसं ठिऊ?"

भिमाबाईला आणि आबांना ज्या गल्ल्या आठवत होत्या त्या आता पृथ्वीच्या पाठीवर कुठेच नव्हत्या. भूकंपाने त्या नेल्या होत्या. पण जुन्या गावात त्यांचे वडील वेशीपाशी वाकत, पायताण काढून हातात घेत आणि वरच्या आळीतून तसेच चालत, हे तिने लहानपणी पाहिले होते. पुढे कालव्यावर नोकरी लागली तेव्हा आबांनी पहिल्या पगारातून काळे चामडी बूट घेतले, ते स्वतःसाठी नाही, वडिलांसाठी. म्हाताऱ्याने ते मरेपर्यंत वापरले. चावत होते तरी वापरले. या घरात मुलाने बापाच्या पायांत घातलेले बूट नको म्हणण्याची भाषा कधी तयारच झाली नव्हती.

प्रेमानंद उठून गाडीपाशी जाऊन उभा राहिला. त्याची पाठ या सगळ्यांकडे होती. संघप्रियाने त्याला हाक मारली नाही. काही पाठींना थोडा वेळ एकटे सोडावे लागते.

तिने सोलापूरच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला फोन लावला. त्या मुलीने सगळे ऐकून घेतले. "खरंय मॅडम," ती म्हणाली, "आम्ही त्यांना बूट घालून चालताना कधी बघितलंच नाही." हलका बूट हवा, तिने सांगितले, तळवा पातळ आणि टणक, फार पकड नसलेला, पण ओल्यावर निसटेल असाही नको. टाच बंद हवी. चप्पल नको, ती पायातून सुटते; आणि रस्त्यावर अनवाणीही नको. "पण एक लक्षात ठेवा. बुटानं आजार जाणार नाही. पडणं कमी होईल, इतकंच."

एवढ्यात प्रेमानंद घरात गेला आणि माळ्यावरून एक पोते खाली घेऊन आला. त्यात आबांचे नोकरीतले चामडी बूट होते. कातडे वाळून लाकूड झाले होते. आबांचा सुजलेला पाय निम्म्यावरच अडला.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "त्यो पाय आता न्हाय माझा."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले ते पुण्याला नाही, उमरग्याला. कुणी तसे ठरवले नाही, प्रेमानंदने गाडी काढली आणि फक्त म्हणाला, "बसा." बाजारपेठेतल्या महांतप्पाच्या बुटांच्या दुकानात ओल्या पुठ्ठ्याचा आणि नव्या रबराचा वास भरून होता.

"या, या साहेब! वडलांना दाखवू? आत्ताच आलाय माल, ढगावर चालल्यासारखं वाटतंय बघा," महांतप्पाने एक जाडजूड जोड पुढे केला.

"ढग नको," प्रेमानंद म्हणाला. "जमीन कळली पाहिजे, असं द्या."

महांतप्पाने डोके खाजवले, खोक्यांमागून खोकी उघडली. आबांनी कितीतरी जोड पायांत घातले आणि काढले. काही बोटांवर आवळत, काही टाचेत ढिले पडत. शेवटी खालच्या फळीवरून साधे काळे बूट निघाले. पातळ तळव्याचे, वर चिकटपट्टीचे.

"हे मात्र शाळेतल्या पोरांचे हायत हं," महांतप्पा संकोचून म्हणाला. "मोठ्या नंबरात येतात, नववी-दहावीच्या."

"घाल की मंग," आबा संघप्रियाला म्हणाले. "तुज्या वर्गात बसतो. पर निबंद लिव्हायला सांगू नगंस."

संघप्रिया हसली. पुष्कळ दिवसांनी आबांनी थट्टा केली होती. प्रेमानंदने पट्टी लावायला हात पुढे केला, तेवढ्यात आबांनी स्वतःच थरथरत्या हाताने ती दाबली. एकदा वाकडी बसली, दुसऱ्यांदा नीट.

ते बाकांमधल्या फरशीवरून चालले. पावले लांब झाली नव्हती. पण पाय सरकत होते आणि सरकता सरकता पुढे जात होते, अडखळल्याचा आवाज कुठेच नव्हता. काउंटरपासून आबा वळले आणि दुकानाच्या दाराशी येऊन थबकले. दारातली अरुंद जागा, पलीकडची गर्दी. पाय पुन्हा खिळले. प्रेमानंदचा हात झेपावला.

"थांब," संघप्रिया म्हणाली. मग आबांच्या कानाशी, "आबा, खाली ती पत्र्याची पट्टी दिसती का? ती ओलांडायची फक्त. पाटाच्या दारावरची फळी ओलांडायचाव तसं."

आबांनी पट्टीकडे पाहिले. डोळ्यांत काहीतरी जुळले. पाय उचलला गेला, पलीकडे टेकला. दुसरा त्याच्या मागे आला. प्रेमानंदचा हात अधांतरीच राहिला आणि मग सावकाश खिशात गेला.

परत येईपर्यंत ऊन उतरू लागले होते. भिमाबाईने नवे बूट हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "ह्ये बरे दिसत्यात," ती म्हणाली, "मानसाचे वाटत्यात." भाकरी खाऊन झाल्यावर प्रेमानंदने आपली पिशवी गाडीत ठेवली. पुन्हा येऊन तो ओट्यावर आबांच्या शेजारी बसला. काल त्याने हुकूम दिला होता. आज त्याला शब्द शोधावे लागत होते.

"बूट बदलले, आबा. आजार तोच हाय," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात आता पुणे उरले नव्हते. "दारात पाय अडकला तेव्हा ताई हुती. उद्या कोण असल? मला तिकडं झोप येत न्हाय. फोन वाजला की वाटतं, आबाच पडले."

संघप्रियाला वाटले, मध्ये बोलावे. पण भावाचे म्हणणे अर्धे खरे होते, आणि आबांचे न बोललेले दुसरे अर्धे. दोन अर्ध्यांची बेरीज तिच्या हातात नव्हती.

"मी जबरदस्ती करणार न्हाय," प्रेमानंद म्हणाला. "तुमीच सांगा. येताव का माझ्यासंगं?"

आबांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिले. थरथरता हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि तो तिथे बराच वेळ थरथरत राहिला. मग त्याच गुडघ्याचा आधार घेऊन ते उठले. पायरीच्या कडेला येऊन थांबले. प्रेमानंद अर्धवट उठला. संघप्रियाने नुसती मान हलवली आणि तो पुन्हा खाली बसला. आबांचे पाय हलत नव्हते. समोर संध्याकाळचा रस्ता होता, त्यावर विजेच्या खांबाची लांब सावली आडवी पडली होती. आबा तिच्याकडे बघत राहिले. मग डावा पाय पायरीखाली गेला, उजवा त्याच्या मागोमाग; सावली ओलांडली गेली, आणि आबा, एकदाही मागे न वळता, गाडीला वळसा घालून रोजच्या फेरीला, चौकाच्या दिशेने चालू लागले.