डाव्या पायाचा सहावा स्टड

जुना तर मी आहेच, मित्रांनो, पण त्याआधी मी अर्धा आहे. मी फुटबॉलचा डावा बूट. उजवा कुठे गेला, मला ठाऊक नाही.

बुटाचे आयुष्य पिशवीत जाते. पिशवीची चेन उघडली की उजेड, मैदान, माणसे. चेन लागली की काहीच नाही. म्हणून माझी गोष्ट सलग नाही. जेवढी उघडली तेवढी सांगतो.

माझा जन्म कोरियातल्या बुसान शहरातला. एका बाईने मला शिवले. तिच्या बोटाला चिकटपट्टी होती, एवढेच आठवते. मग खोका, मग जहाज, मग जबल अलीचे बंदर. आणि १९९८ साली शारजातल्या एका क्लबची, खेळाडूंचे सामान ठेवायची खोली.

त्या खोलीचा कारभार विली तुस्कानो पाहत असे. विली वसईचा. मोजे मोजणे, शर्ट धुणे, बूट दुरुस्त करणे ही त्याची कामे. सगळे त्याच्यावर ओरडत, "यल्ला विली, मोजे कुठायत?" यल्ला म्हणजे अरबीत चल, आवर. नवा बूट मऊ व्हावा म्हणून तो घरून आलेल्या मराठी वर्तमानपत्रांचे ओले बोळे त्यात कोंबून ठेवी. मी मराठी शिकलो ती त्या बोळ्यांतून.

मला घालणारा माणूस ताश्कंदचा होता. आर्काडी खेगाय. चेहरा कोरियन, भाषा रशियन. त्याच्या आजीआजोबांना फार वर्षांपूर्वी सोव्हिएत सरकारने आगगाडीत कोंबून कोरियाच्या सीमेपासून दूर मध्य आशियात नेऊन टाकले होते. त्यानंतर त्या घरातल्या कुणी कोरिया पाहिला नाही. ताश्कंदमध्ये हिंदी सिनेमे बघत वाढल्यामुळे आर्काडी मोडकी हिंदी बोले. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या जिभेवरची 'मेड इन कोरिया' ही चिठ्ठी वाचली आणि हसत सुटला.

"विली भाई, ये जूता मेरा मुलुक देखा. मैं नहीं देखा."

चेन बंद.

चेन उघडते. हे माझे चांगले दिवस, मित्रांनो. ते थोडे होते, म्हणून थोडक्यात सांगतो.

आर्काडी मधल्या फळीत खेळे. चेंडू पायाशी येण्याआधी तो दोनदा मान वळवून मागे बघे. चेंडू माझ्या आतल्या कडेला लागे आणि कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या माणसाकडे निघून जाई. गोल दुसरे करत. फोटो त्यांचे छापून येत. विली मात्र मला पुसताना म्हणे, "गोल त्यांचा. पण वाट कुणी काढली? आमच्या डाव्याने!" प्रेक्षक ओरडत, "या कोरी! कोरी!" म्हणजे अरबीत, अरे कोरियन! आर्काडीला ते फार आवडे. ज्या देशाने त्याला पाहिलेच नव्हते, त्या देशाच्या नावाने परके लोक त्याला हाक मारत होते.

चेन बंद. चेन उघडते. चेन बंद.

२००१ चा फेब्रुवारी. त्याचा डावा पाय दुखू लागला. करंगळीच्या मागचे हाड. हे सर्वांत आधी मला कळले. पाय जमिनीवर टेकताना तो आत अंग चोरून घेई.

त्याच आठवड्यात निरोप आला. कोरियातल्या एका क्लबचा माणूस मार्चमधला एक सामना बघायला येणार होता. एकच सामना. आर्काडी तेव्हा एकतीस वर्षांचा होता. मधल्या फळीतल्या माणसाला त्या वयात दुसरे बोलावणे येत नाही.

मालिश करणारा शौकत पेशावरचा. त्याने पाय दाबून पाहिला आणि हात काढून घेतला.

"खेगाय साब, डॉक्टर को दिखाओ. ये हड्डी है, चप्पल का पट्टा नहीं कि नया लगवा लिया."

"डॉक्टर बोलेगा, छह हफ्ता प्लास्टर," आर्काडी म्हणाला. "कोरियावाला एक बार आएगा." मग तो विलीकडे वळला. "विली भाई, तुम कुछ करो."

मित्रांनो, विलीकडे आजवर सगळ्यांनी काही ना काही मागितले होते. पण "तुम कुछ करो" असे, डॉक्टरला म्हणावे तसे, कुणी म्हटले नव्हते. त्याचा चेहरा उजळला. तो मला घरी घेऊन गेला.

"जेवायच्या टेबलावर बूट?" त्याची बायको मेबल म्हणाली.

"पेपर घातलाय ना खाली."

"दुखतोय पाय, आणि तू औषध लावतोस बुटाला!"

"तुला ह्यातलं काही कळत नाही, मेबल."

"बुटातलं नसेल कळत. पायातलं कळतं. दोन आहेत मला."

विली हसला, आणि मेबल झोपायला गेल्यावर कामाला लागला. त्याने माझ्या आत जाड नमद्याचा तळ बसवला आणि दुखऱ्या हाडाखाली नेमके भोक पाडले. मग त्याने मला उलटे केले. माझ्या तळाला सहा स्टड होते. मातीत रुतून पकड देणारे हे धातूचे दात. त्यातला बाहेरच्या कडेचा एक बरोबर त्या हाडाखाली येत होता. तो हाडाला टोचू नये म्हणून विलीने कानस घेतली आणि तो निम्मा घासून टाकला. फुंकर मारून धूळ उडवली. इतक्या मायेने मला कुणी दुखावले नव्हते.

आर्काडीने मला घालून दोन उड्या मारल्या. त्याचे डोळे भरून आले. "दर्द नहीं," तो म्हणाला. "विली भाई, दर्द नहीं!"

सामन्याआधी रेफरीने माझ्या तळावरून हात फिरवला. त्यालाही काही जाणवले नाही.

तो खेळला, मित्रांनो. तसा तो कधीच खेळला नव्हता. मध्यंतराला विली पाण्याच्या बाटल्या वाटत शौकतच्या कानात म्हणाला, "देखा? मेरा प्लास्टर!"

एकाहत्तरावे मिनिट. चेंडू आला. आर्काडीने दोनदा मागे बघितले. त्याला डावीकडे गिरकी घ्यायची होती. सगळा भार माझ्या बाहेरच्या कडेवर आला. तिथे मातीत रुतायला काही नव्हते. मी घसरलो. मग माझे पुढचे दात अडकले, आणि पाय थांबला नाही.

आवाज बाहेर कुणाला ऐकू गेला नसेल. माझ्या आत झाला तो. वर लोक ओरडतच होते. कोरी! कोरी!

शौकतने माझी नाडी कात्रीने कापली.

सामना संपल्यावर तो कोरियन पाहुणा खोलीत आला. कमरेत वाकला. आपल्या भाषेत बराच वेळ बोलला. आर्काडीला त्यातले एकच कळले. लहानपणी पडल्यावर आजी विचारायची तेच. दुखतंय का? आर्काडीने मान हलवली. पाहुणा पुन्हा वाकला आणि गेला.

चेन बंद.

मे महिना. आर्काडी कुबड्या घेऊन निरोप घ्यायला आला. हाडात स्क्रू होते, पाय रुंद झाला होता. त्याने तो माझ्यात घालून पाहिला. अर्ध्यावरच अडकला.

"दो दिन दो, खेगाय साब," विली घाईघाईने म्हणाला. "मैं ढीला कर देता हूँ."

"खलास, विली भाई." आर्काडीने मला त्याच्या हातात दिले. "क्लब ने खेलने को बोला. दर्द सिर्फ तुम ने निकाला. इकहत्तर मिनट. शुक्रिया."

विलीने तोंड उघडले. आता सांगेल, मी वाट पाहिली. घासलेल्या स्टडबद्दल फक्त आम्हा दोघांना माहीत होते, आणि मला बोलता येत नव्हते.

"चाय पियोगे?" विली म्हणाला.

पुढच्या वर्षी जूनमध्ये फुटबॉलचा विश्वचषक कोरियात होता, आणि टीव्हीवर तिथली मैदाने दिसत होती. मेबल म्हणाली, "बघ तरी, केवढं हिरवंगार आहे." विली टीव्हीकडे पाठ करून मला पॉलिश करत राहिला.

तो दर शुक्रवारी मला पॉलिश करतो. आता मी आरशासारखा चमकतो. मित्रांनो, वस्तू जपा असे तुम्हाला सगळे सांगतात. माझ्याइतका जपलेला बूट तुम्हाला शोधून सापडणार नाही. म्हणून मी वेगळे मागणे मागतो. तुमच्या घरी कुणी लंगडत आले तर त्याच्या बुटाला हात लावू नका. बूट काढून ठेवा. पाय बघा. तो नको म्हणेल, हसेल, उद्या एक सामना आहे म्हणेल. तरी बघा.

पाच स्टड पुसून झाले की विलीचा अंगठा सहाव्यापाशी येतो आणि थांबतो. तेवढा एक तो पुसत नाही. त्यावर कानशीचे ओरखडे अजून तसेच आहेत.

मग चेन.