होडीचा पोळा

दौलतराव पाटलाला मी तोंडावर सांगितलं, "होडीला हात लावाल तर याद राखा!" दापोडीच्या नदीकाठी, त्याच्या रानाच्या कडेला माझी होडी कललेली पडलीय. त्याला नव्या घराच्या दारांना तिचं सागवान पायजे होतं. म्हणाला, "छबूबाई, जमीन माझी हाय. पोळा झाला की फोडणार."

फोडणार म्हणे! माझा मालक भिमाजी लढाईच्या दिवसांत मालाच्या जहाजावर खलाशी होता. जहाज बुडालं तवा ही होडी त्याच्या कडेला टांगलेली होती. हिच्यात बसले तेवढेच जगले. माझं कुंकू राखलं ते हिनं. पुढं हिला भंगारात काढली, तर मालक मुंबईला गेला आन् मालमोटारीत घालून हिला घरी घेऊन आला. सगळी दापोडी हसली. हसा म्हणलं! त्याच हसणाऱ्यांच्या बायका पावसाळ्यात हिच्यातूनच पल्याड रानात जायच्या. मग तळ कुजला, मालकबी गेला. आता शेळ्या तिच्या सावलीला बसतात. बसू द्या की, कुणाचं काय जातंय?

गेल्या साली भादवी पोळ्याच्या दिवशी मी होडी धुतली. टोकाला हिंगूळ लावला, बाशिंग बांधलं, वर झूल टाकली आन् पुरणपोळीचा निवद ठेवला. बाया कुजबुजल्या, "विधवा बाईनं पोळा करायचा व्हय?" करायचा! माझा बैल हाय.

दुसऱ्या दिवशी पाटील कोंडाजी सुताराला घेऊन आला. कोंडाजीनं बाशिंग बघितलं आन् करवत खाली ठेवली. "पाटील, पुजलेल्याला मी न्हाई कापणार."

"अरे, लाकूड हाय ते!" पाटील ओरडला.

मी पुढं झाले. "तुमचा पवळ्या बैल औताला चालत न्हाई, दात पडले. तरी काल तुमी त्याच्या पाया पडलात. का?"

"त्यानं जन्मभर राबून आमाला जगवलं."

"मग हिनं काय केलं?"

 पाटील हळूच म्हणाला, "पण जमीन माझी हाय, बाई."

"पवळ्याबी तुमच्याच जमिनीवर बसलाय. आदी त्याला कसायाला द्या, मग हिला फोडा!"

पाटलाचे डोळे लाल झाले. कोंडाजीला न घेताच तो निघून गेला.

औंदाच्या पोळ्याला पाटलाची बैलं वाजतगाजत नदीवर आली. हलगी होडीपाशी थांबली. पाटलानं सोताच्या हातानं पुरणपोळी होडीपुढं केली.

मी त्याचा हात धरला. म्हणलं, "थांबा. पयला घास मी देणार."